बायबलबाईचं ताट

शनिवारी सकाळी रंगनाथच्या मळ्यातून पातेली आली, पण पातेल्यांबरोबर घरचं माणूस आलं नाही.

दीनाबाई दारातच उभ्या होत्या. ट्रॅक्टर मांडवाशी थांबला. गड्याने ट्रॉलीतून दोन मोठी पातेली, परात आणि झारे उतरवले, "मालकानं सांगितलंय, आनखी काय लागलं तर कळवा," एवढं म्हणाला आणि ट्रॅक्टर वळवून निघूनही गेला. एरवी या घरात काही कार्य निघालं की पाटलाचा रंगनाथ स्वतः बाह्या सारून चूल पेटवायला यायचा आणि त्याची बायको पुष्पावती पदर खोचून कांदे चिरायला बसायची. बेलापुरात ख्रिस्ती घर काही हे एकटंच नव्हतं, पण ज्याच्या मांडवाचे खांब पाटलाच्या पोराने रोवावेत असं घर हे एकच. आज खांब भाड्याच्या माणसांनी रोवले होते, आणि दीनाबाईंना ते सगळे वाकडे दिसत होते.

उद्या उपकारस्तुती. त्यांच्या मोठ्या दिरांचा, थॉमसदादांचा नोहा पुण्याहून पाळकाचं शिक्षण पुरं करून आला होता, म्हणून देवाचे आभार मानायचे, चार माणसं जेवायला बोलवायची आणि नोहाने पहिलं प्रवचन घरच्यांसमोर करायचं, असा बेत. मांडव दीनाबाईंच्या अंगणात, कारण मूळचं घर तेच. दीनाबाईंच्या सासूबाई, सगुणाबाई, याच घरातून पिशवीत शास्त्र घालून वाड्यावस्त्यांवर हिंडायच्या. सगळा गाव त्यांना बायबलबाई म्हणायचा, आणि प्रेमाने म्हणायचा.

आणि ह्याच पोराने मागच्या रविवारी सगळं नासवून ठेवलं होतं.

रंगनाथच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. पंगतीला सगळ्यांना पत्रावळी, आणि या कुटुंबाला मात्र नेहमीप्रमाणे आतून झाकून आणलेली पितळी ताटं. हा मान आपल्याला शाळेतल्या बाई म्हणून मिळतो अशी दीनाबाईंची पक्की समजूत होती, आणि ती त्यांना आवडतही होती. पुष्पावती तुपाची वाटी घेऊन नोहापुढे वाकली, तर त्याने ताटावर तळहात धरला. "आम्हाला नैवेद्याचं चालत नाही," म्हणाला. एवढंच म्हणाला असता तरी निभलं असतं. पण नुकतं शिकलेलं डोक्यात गरम होतं. शेजारच्याने सहज "का बरं?" विचारलं, तसा नोहा उभा राहिला आणि त्याने पंगतीला मूर्ती, नैवेद्य आणि शास्त्र यांवर चांगलं लांबलचक ऐकवलं. त्यात एक शब्द वापरला. बाटलेलं अन्न.

तो शब्द ऐकून दीनाबाईंच्या हातातला घास तिथेच राहिला. हाच शब्द कधीकाळी सासूबाईंच्या अंगावर फेकला गेला होता, याच गावात, पाणवठ्यावर. तो बंद व्हायला सासूबाईंचं आयुष्य गेलं, आणि त्यांच्या नातवाने तो उचलून ज्या एका घराने कधीच वापरला नव्हता त्या घराच्या पंगतीत टाकला.

"पातेली तरी दिली त्यांनी," थॉमसदादा मांडवातल्या खुर्चीवर बसत म्हणाले. ते पोस्टातून निवृत्त झालेले. कुठल्याही गोष्टीवर शिक्का मारून ती पुढे पाठवायची सवय. "म्हणजे विषय मिटला समज."

"पातेली देणं वेगळं, दादा. वैर असलं तरी रंगनाथ पातेली देईल. उद्या ते जेवायला येतात का ते बघा."

"नाही आले तर काय करायचं? पोरगा खोटं बोलला का? आता पाळक होणार तो. त्याने नैवेद्य खाल्ला असता तर उद्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी त्याला फाडून खाल्लं असतं."

नोहा माईकच्या वायरी जोडत होता. त्याने वर पाहिलं नाही. दिसायला तो आजीवर गेला होता, तेच रुंद कपाळ. फक्त आजी त्या कपाळाखाली हसायची आणि हा अजून हसायला शिकला नव्हता.

"काकू, मी भांडायला गेलो नव्हतो," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. संधी होती ती. एवढी माणसं समोर बसलेली. आजी तरी दुसरं काय करायची?"

"तुझी आजी जेवणाऱ्या माणसाला कधी ऐकवायची नाही," दीनाबाई म्हणाल्या. "आणि ज्याच्या घरी जाईल तिथलं आधी खायची. मी सून म्हणून आले तेव्हा मला पहिली गोष्ट हीच सांगितली त्यांनी. कुणाच्या दारी गेलीस तर आधी त्यांचं खा, मग विचारलं तर आपलं सांग. तेव्हापासून मी त्या घरात खात आलेय. नैवेद्याचं असलं तरी खाते. प्रीती करायची तर माणसाचं मन मोठं लागतं."

हे वाक्य घासूनपुसून गुळगुळीत झालेलं होतं. महिला मंडळात ते कितीतरी वेळा बोललं गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी बायकांनी माना डोलावल्या होत्या. दीनाबाईंचं बोलणं तसंही नावाजलेलं. त्यांची प्रार्थना सुरू झाली की आतल्या बायका भाताखालचा गॅस बंद करून टाकत, कारण 'आमेन' कधी येईल याचा भरवसा नसे.

"राहू दे ना, आई," ओट्यावर लसूण सोलत बसलेली शॅरन म्हणाली. ही त्यांची मुलगी, नगरला दवाखान्यात नर्स. आल्यापासून ती नोहाला टाकून बोलत होती, म्हणून दीनाबाईंनी तिला आपल्या बाजूची धरलं होतं. "नोहा चुकलाच. तो शब्द तर फारच वाईट. पण त्याने निदान तोंडावर सांगितलं. तू काय करतेस? घास घ्यायच्या आधी डोळे मिटून पुटपुटतेस, 'प्रभू, क्षमा कर.' लहानपणापासून बघतेय मी. त्यांच्या अन्नाची तू देवाकडे माफी मागतेस आणि मंडळात येऊन मोठं मन सांगतेस."

थॉमसदादांनी खुर्ची उगीच सरकवली.

दीनाबाईंना राग आला. लेकीचा तर आलाच, पण लेकीने जे पाहिलं होतं त्याचा जास्त आला. वर्गातली मुलं ज्या आवाजाला थरकायची तो आवाज त्यांनी काढला. "नोहा, वायरी ठेव. चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"बनुमावशींकडे. आत्ताच्या आत्ता."

"मी येतो की," थॉमसदादा उठू लागले. "वडील माणूस असलेलं बरं. मी रंगनाथशी बोलतो, दोन समजुतीचे शब्द..."

"तुम्ही बसा, दादा. तुम्ही समजूत घालाल आणि ह्याचं राहील तसंच." मग जरा मऊ होत त्या म्हणाल्या, "पोरगं तुमचं आहे, मला ठाऊक आहे. पण घर सासूबाईंचं आहे."

दादा परत खाली बसले. मुलाकडे बघून म्हणाले, "जा बाबा. आणि तिथे पाळकासारखं बोलू नकोस." सकाळपासून ते पहिल्यांदाच मुलाच्या विरुद्ध बोलले होते.

बांधावरून जाताना दीनाबाईंनी काय बोलायचं ते मनात मांडून घेतलं. सुरुवात सासूबाईंच्या आठवणीने करायची, मध्ये दोन घरांचा जुना संबंध, मग पोराचं वय आणि शेवटी हात जोडून क्षमा. भाषण छान बसलं होतं. उसाच्या कडेने चालता चालता त्यांना स्वतःलाच गहिवरून आलं.

बंगला नवा झाला तरी रंगनाथच्या आई, बनुबाई, जुन्या पडवीतच बसायच्या. म्हातारीने सुपात तूर घेतली होती आणि चष्म्याशिवाय निवडत होती. गळ्यात तुळशीची माळ. पुष्पावती आतून आली, तिने "या बाई" म्हटलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिली. नोहाकडे तिने पाहिलं नाही. रोज भडाभडा बोलणारी ही बाई नुसती उभी आहे, हे दीनाबाईंना शिवीपेक्षा लागलं.

"मावशी," दीनाबाईंनी घसा साफ केला, "आज सासूबाई असत्या तर..."

"दीना, तू जरा दम धर," बनुबाई सूप हलवत म्हणाल्या. "तू बोलाय लागलीस की मला काय इचारायचं हुतं त्येच इसरतं. बस खाली. ए पोरा, तू पन बस. हितं, म्होरं."

नोहा मांडी घालून समोर बसला. दीनाबाईंचं भाषण पोटातल्या पोटात राहिलं.

"आज्जी, मी त्या दिवशी जो शब्द बोललो तो बोलायला नको होता," नोहा म्हणाला. "त्याची माफी मागायला आलोय. पण खोटं कशाला सांगू, नैवेद्य खायला माझं मन अजूनही घेत नाही. ते माझ्या..."

"नैवेद्य तुला वाढला कुनी?"

दीनाबाईंनी मान वर केली.

"तुला कुनी सांगितलं तुज्या ताटात नैवेद्याचं हुतं म्हून?" म्हातारीच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "पुष्पे, सांग त्येला."

पुष्पावतीने पदर सारखा केला. "तुमच्या घरची ताटं आमी पयलीच काढून ठिवतो. देवाला दाखवायच्या आदी. पुरान शिजलं की पयल्या पोळ्या तुमच्या. झाकून फडताळात ठिवायच्या, मग देवाचं ताट करायचं. मी ह्या घरात आले तवापासनं ह्येच करती. आत्याबाईंनी शिकवलंय."

"देवाच्या आधी?" नोहाने विचारलं.

"व्हय. आमच्यात तसं चालत न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "देवाच्या आदी कुनाला घास घालत न्हाईत. लेकराला सुदिक न्हाई. तुज्या आजीपायी चालतं."

आणि म्हातारीने सूप खाली ठेवून सांगितलं. ती नवी सून होती तेव्हाची गोष्ट. बायबलबाई पहिल्यांदा दारात आल्या तो सणाचा दिवस होता. त्या काळी या घराच्या ओट्यावर त्यांच्यातलं कुणी बसत नव्हतं, जेवायचं तर नावच नको. बनुबाईंनी दारातूनच पोळी पुढे केली. बायबलबाई हसून म्हणाल्या, बाई, तुझ्या हातचं खायला मला फार आवडेल, पण देवापुढं ठेवलेलं मला चालत नाही, राग मानू नकोस, भाकरीचा तुकडा असला तर दे. भाकरी कालची होती. बायबलबाईंनी ती ओट्याखाली बसून, मिटक्या मारत खाल्ली. जाताना देवाचं काही सांगितलं नाही. बनुबाईंच्या तान्ह्या लेकराला खरूज झाली होती, तिला काय लावायचं तेवढं सांगून गेल्या.

"माज्या जिवाला लागलं ते," बनुबाई म्हणाल्या. "सनाचा दिस, अन् मानूस शिळं खाऊन गेलं. म्होरल्या सनाला मी गुपचूप दोन पोळ्या आदीच काढल्या. सासूनं बघितलं. मला वाटलं, आता झालं, आता माहेरचा रस्ता. पर ती काय बोलली न्हाई. देवापुढं हात जोडून नुसतं म्हनली, 'तुला जरा वाईच उशीर हुईल, पर तू घरचाच हायेस.' त्या सनाला तुज्या आजीला ओट्यावर बसवून वाढलं, पितळीत."

पुष्पावती डोळे पुसत होती. ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली असेल, तरी पुसत होती.

दीनाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. झाकून आणलेली पितळी ताटं. बाई म्हणून मिळणारा मान. प्रभू, क्षमा कर. जे अन्न आपल्यासाठी देवाला थांबवून काढून ठेवलं होतं, त्याच्यावर आपण आयुष्यभर देवाची माफी मागत आलो, आणि वर त्याचं महिला मंडळात प्रवचन केलं.

"पुष्पा," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता. "मी तर सगळीकडे सांगत फिरले. तुमच्या घरचा नैवेद्य खाते म्हणून. माझं मन मोठं म्हणून."

"ठावं हाय, बाई. आमच्यापतुर आलं हुतं ते."

"मग सांगितलं का नाहीस ग कधी?"

"तुमाला तेवढंच बरं वाटत हुतं," पुष्पावती म्हणाली. "कशाला मोडायचं म्हनलं." आणि आठवडाभरात पहिल्यांदा ती हसली. दीनाबाईंनाही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना नाक पुसायला पदर पुरेना.

नोहा खाली बघत बसला होता. बनुबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी तुला इचारनार हुते ते येगळंच. तुजी आजी बक्कळ सांगायची तुमच्या देवाचं, पर मी इचारल्यावर. आता तू शिकून आलायस. मला सांग, तुजा देव कसा हाय रं? ज्याच्यापायी तू माज्या दारातनं उपाशी गेलास, त्यो हाय तरी कसा?"

"आज्जी, त्याचं असं आहे," नोहा सवयीने सुरू झाला, "पवित्रतेच्या संकल्पनेचे दोन भाग..."

"मला कळंल असं सांग."

नोहा थांबला. दीनाबाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं. चांगलं उत्तर होतं, त्याला सुरुवात होती, मध्य होता, दृष्टांतसुद्धा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तयार उत्तर गिळलं. पोरगं चाचपडत होतं आणि त्याला चाचपडू द्यायला हवं होतं.

गोठ्यातली गाय हंबरली. पुष्पावती उठली नाही.

"तो लोकांच्या घरी जेवायला जायचा, आज्जी," नोहा हळूहळू म्हणाला. प्रत्येक शब्द तपासून खाली ठेवावा तसा बोलत होता. "कुणीही बोलावलं तरी जायचा. ज्यांच्याकडे कुणी पाऊल ठेवत नव्हतं त्यांच्याकडेही. त्यांच्या पंगतीला बसून त्यांचं खायचा. मोठी माणसं त्याच्यावर चिडायची ती ह्याच्यामुळेच. म्हणायची, हा कसला देवमाणूस, कुणाच्याही घरी जेवतो."

"आसं?"

"हो."

बनुबाईंनी सूप परत मांडीवर ओढलं. "मंग तू त्याच्यावानी न्हाईस," त्या म्हणाल्या.

"नाही, आज्जी," नोहा म्हणाला. "अजून नाही."

पुण्याच्या सेमिनरीत शिकताना त्याने किती प्रवचनं दिली असतील ती असोत. दीनाबाईंच्या मते त्याचं पहिलं प्रवचन हे. त्यांना सासूबाईंची आठवण आली, आणि ती भाषणात घालण्यासारखी नव्हती, म्हणून खरी होती.

"पुष्पे, काय हाय घरात?"

"सकाळची भाकर हाय. अन् पिठलं."

"आन."

नोहाने भाकरी हातावर घेतली, वर पिठल्याचा गोळा, आणि तो खाऊ लागला. भूक लागली होती पोराला. दीनाबाईंनीही हात पुढे केला. घास घेण्याआधी त्यांनी डोळे मिटले, आणि या वेळी नुसते आभार मानले.

परत निघताना त्या उंबऱ्याशी थांबल्या. "मावशी, उद्या याल ना?"

"बगू," बनुबाई म्हणाल्या. "माजा उपास आसतो."

बांधावर अर्ध्या वाटेत दीनाबाई एकदम उभ्या राहिल्या. "नोहा, म्हातारी आपल्याकडे आली की दरवेळी उपास असतो म्हणते. बिनसाखरेचा चहा पिते आणि जाते. शॅरनच्या बाप्तिस्म्याला उपास. माझ्या निवृत्तीला उपास. नाताळाला उपास."

नोहाने त्यांच्याकडे पाहिलं. "आपल्याकडे मटण असतं, काकू. त्याच चुलीवर, त्याच भांड्यांत सगळं. आणि त्या माळकरी."

"आणि आम्ही कुणी कधी विचारलं नाही," दीनाबाई म्हणाल्या.

रविवारी पहाटे मटणाची पिशवी त्यांनी ताटं होईपर्यंत घरात येऊ दिली नाही. मोठी चूल पेटायच्या आत, राखेने घासलेल्या नव्या पातेल्यात वरण शिजवलं, भात केला, शेवग्याची भाजी केली. थॉमसदादा स्वतः गिरणीवरून ताजं पीठ घेऊन आले आणि शॅरनने पोळ्या लाटल्या. ताटं वाढून, झाकून, फडताळात वरच्या कप्प्यात ठेवली. मगच मटण चुलीवर चढलं. नोहा मधूनमधून येऊन कप्प्यावरचं झाकण नीट आहे ना ते बघून जात होता.

उपकारस्तुतीला मांडव भरला. रंगनाथ आला, पुष्पावती आली, आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत बनुबाई आल्या. नोहाने माईक घेतला नाही. पडवीतला प्रश्न आणि पडवीतलं उत्तर, तेवढंच सांगून तो खाली बसला. दीनाबाईंची प्रार्थना तर इतक्या लवकर आटोपली की आतल्या बायकांना नुकताच बंद केलेला गॅस परत पेटवावा लागला, भात अजून कच्चाच होता.

पंगत बसली. नोहा आतून झाकलेलं पितळी ताट घेऊन आला आणि बनुबाईंपुढे वाकला.

"न्हाई रं बाबा," त्या सवयीने हात आडवा धरत म्हणाल्या. "मला च्या दे. माजा आज..."

त्याने झाकण काढलं. "चूल पेटायच्या आधी काढून ठेवलंय, आज्जी. भांडंही वेगळं."

म्हातारीने ताटाकडे पाहिलं. वरणावर तुपाचा थेंब गोठला होता. तिने आडवा धरलेला हात खाली घेतला, पदराने तोंड पुसलं आणि शेजारी बसलेल्या पुष्पावतीला म्हणाली, "जरा सरक गं तिकडं. आज माजा उपास न्हाई."